लेविवाबाईंचा चमचा

बावीस वर्षं हाविसने लेविवाबाईंना जेवू घातलं. बाई गेल्या, आणि सहाव्या वर्षी त्यांच्या सणाला पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये सांगितलं, की त्या पुण्यवतीने बावीस वर्षं अन्नाला तोंड लावलं नाही. रविवारचा ख्रिस्तप्रसाद जिभेवर ठेवायच्या, बस, त्यावर जगल्या.

मागच्या खांबापाशी उभ्या असलेल्या हाविसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग मी रोज काय वारा वाहून नेत होते?" ती शेजारणीला म्हणाली.

"हळू बोल गं," शेजारीण म्हणाली. "संत आहेत त्या आता."

संत आता झाल्या. आधी त्या गुडघे दुखणारी, जिभेने तिखट, हसली की खोकणारी एक बाई होत्या. उरलेलं आयुष्य प्रार्थनेत कोंडून घ्यायचं म्हणून चर्चच्या उत्तरेच्या भिंतीला टेकून एक दगडी खोली बांधली, बाई आत गेल्या, बाहेर त्यांच्यावर मर्तिकाच्या प्रार्थना म्हटल्या आणि गवंड्याने दार चिणून टाकलं. त्या दिवसापासून जगाच्या लेखी त्या मेलेल्या होत्या. राहिल्या दोन खिडक्या. एक चर्चमध्ये उघडणारी, प्रार्थनेसाठी. दुसरी मागच्या पडवीत, आणि त्या पडवीत त्यांची दासी हाविस. ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा. खिडकीतून वाडगा आत जायचा आणि मोरी नसलेल्या त्या खोलीतलं जे बाहेर यायला हवं ते मडक्यातून बाहेर यायचं. ते मडकं बावीस वर्षं कोणी उचललं, हे कुठल्याही प्रवचनात येत नाही. येणार तरी कसं? न खाणाऱ्या बाईला मडकं कशाला लागतं?

आणि बाईंना खायला आवडायचं. ओढ्यातला वाम मासा मिठात मुरवून शिजवला की त्यांना शेपटीकडचा तुकडा हवा असायचा. शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्या नियमाने उपास करायच्या, तेव्हा चिडचिड्या व्हायच्या. एरवी सातूची पेज पातळ झाली तर आतून आवाज यायचा, "हाविस, आज ओढाच उचलून आणलास वाटतं." राग आला की लाकडी चमचा चावायच्या. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे चमच्यावर दोन खोल खुणा आणि मध्ये फट उमटली होती. मांजरीवर जीव होता. हाविसवरही होता, पण ते त्यांनी एकदाच सांगितलं, शेवटच्या हिवाळ्यात, आणि लगेच पेजेत मीठ कमी आहे म्हणाल्या.

बाई गेल्यावर मठातून ब्रदर रनुल्फ आले, एक जाडजूड वही घेऊन. बाईंचं चरित्र लिहायचं, चमत्कार लिहायचे. त्यांनी पडवी मोकळी करून घेतली. वाडगा आणि चमचा बाईंच्या थडग्यावर मखमलीवर ठेवला आणि लोकांना सांगितलं, या चमच्याने बाई पाखरांना दाणे घालायच्या. हाविस ओढ्यापलीकडे भाची मेबिलकडे राहायला गेली. तिला कोणी काही विचारलं नाही. पाखरांचं ऐकून ती नुसती हसली होती. आता हसू येईना, कारण भाचीची मुलगी एमट जेवेनाशी झाली होती.

एमट चौदा वर्षांची. सणाचं प्रवचन तिने पहिल्या रांगेत उभं राहून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने आपला पाव कोंबड्यांना टाकला. मग पेज सोडली. मग दूध. सप्टेंबरअखेरचा मायकलमसचा सण आला, हंस कापले गेले, घरोघर वास सुटला, आणि ही पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली. ओठ फुटलेले, हात काटक्या.

"लेविवाबाईंना जमलं, मला जमेल," एवढंच म्हणायची.

गावातल्या बायका दारात येऊन हात जोडून जायच्या. एक जण म्हणाली, "नशीबवान आहेस मेबिल, घरात दुसरी संत जन्मली." हाविसने तिला उंबऱ्याबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी हाविस ओढ्यावरून परत आली तर मेबिल लेकीला दोऱ्याने मापत होती. डोक्यापासून टाचेपर्यंत. तेवढ्या लांबीची वात, त्या वातीची मेणबत्ती, आणि ती बाईंच्या थडग्यावर. आजारी माणसासाठी त्या गावात असंच करायचे, हाविसनेही आयुष्यात कितीतरी जणांसाठी केलं होतं.

"कोणाला वाहणार ही?" हाविसने विचारलं.

"कोणाला म्हणजे? बाईंनाच. त्याच वाचवतील."

"ज्यांचं नाव घेऊन पोर मरायला टेकली, त्यांनाच?"

"मग काय करू मावशी?" मेबिल रडायला लागली. "तू सांग. तू तर रोज त्यांच्यापाशी होतीस. सांगितलंस का कधी पोरीला, की त्या जेवायच्या?"

"शंभरदा सांगितलं. ती म्हणते, हाविसआजीला मत्सर वाटतो."

हाविसने दोरा तिच्या हातातून घेतला, गुंडाळून कमरेला खोचला आणि तशीच तरातरा चर्चकडे निघाली.

ब्रदर रनुल्फ थडग्यापाशी मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण खरवडत होते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

"ब्रदर, वहीत दुरुस्ती करा," हाविस म्हणाली. "बाई जेवायच्या. रोज. दुपारी पोटभर, संध्याकाळी थोडं. मी द्यायचे. माझ्या घरात एक पोर तुमच्या वहीपायी मरतेय."

रनुल्फांनी खरवडणी खाली ठेवली. मग हात पुसले, वही आणली, मागची पानं उलटली.

"माझी वही नाही ही हाविस, तुमची आहे," ते म्हणाले. "बाई हयात असताना मठातून दोघं जण दर्शनाला आले होते. त्यांनी लिहून ठेवलंय, मी उतरवून घेतलं. ऐका. 'भर दुपारी आम्ही खिडकीशी गेलो. दासी हाविस हिने आम्हांस अडवले व शपथेवर सांगितले की बाई उपासाला बसल्या आहेत, त्या अन्न घेत नाहीत.' पुढे आणखी तिघांची साक्ष आहे. सगळ्यांना हेच सांगणारी तुम्हीच."

हाविसला वाचता येत नव्हतं, पण तिला ती दुपार आठवली. एकच का, सगळ्याच आठवल्या. लोक नेमके जेवणाच्या वेळी यायचे. कोणाची गाय आटली, कोणाला मूल होत नाही, कोणाला नुसतंच रडायचंय. बाईंचा वाडगा गार व्हायचा. शेवटी बाईच आतून कुजबुजल्या होत्या, "सांग त्यांना, उपासाला बसल्यात म्हणून. तेवढा घास तरी सुखाने जाऊ दे." हाविसने सांगितलं. आत बाई माशाचे काटे काढत होत्या आणि बाहेर हाविस छातीवर क्रूस काढून शपथा घेत होती. दोघींना त्याची गंमत वाटायची. लोक गेले की बाई खोकेपर्यंत हसायच्या.

"खोटं होतं ते," हाविस म्हणाली. "घास सुखाने जावा म्हणून बोललेलं खोटं."

"मग तेव्हा खोटी शपथ घेतलीत, की आत्ता खोटं बोलताय?" रनुल्फ शांतपणे म्हणाले. "दोन्हीपैकी काय लिहू? आणि लिहिलं तरी इतके लोक ऐकतील का?"

हाविसला स्वतःचा इतका संताप आला, की तो कुठे ठेवावा ते कळेना. तिने हात लांब केला, मखमलीवरचा वाडगा उचलला, चमचा उचलला.

"ते पवित्र आहे," रनुल्फ म्हणाले.

"घासून घासून मी धुतलाय तो," हाविस म्हणाली आणि चालू लागली. रनुल्फ मागे धावले, पण झग्यातून धावणारा माणूस कितीसा धावणार.

घरी येऊन तिने सातूची पेज पातळ केली, वामाच्या शेपटीचा तुकडा कुस्करून त्यात घातला आणि वाडगा घेऊन एमटच्या उशाशी बसली.

"उठ. हे काय आहे ते ओळख."

एमटने डोळे उघडले. वाडगा ओळखून तिने क्रूस काढला.

"हा चमचा बघ. इथे बोट लाव. काय लागतंय?"

"खड्डे."

"दातांचे आहेत. बाईंचा हा दात तुटका होता. पाखरांना दाणे घालताना कोणी चमचा चावतं का? पेज पातळ झाली की चावायच्या, माझ्यावर चिडून. आता नीट ऐक, पुन्हा सांगायला मला जमणार नाही. त्या जेवत नाहीत हे पहिल्यांदा मी सांगितलं. मी. पाद्रीबाबांनी नाही, वहीने नाही. लोकांनी जावं आणि बाईंनी सुखाने जेवावं म्हणून मी शपथेवर खोटं बोलले. तू ज्याच्यापायी मरतेयस ते माझं खोटं आहे. देवाचं काही नाही त्यात."

एमटचं बोट त्या खुणांवरून फिरत राहिलं. मग तिने चमचा तोंडात घेतला, रिकामाच, आणि आपले दात त्या खड्ड्यांत बसवून पाहिले.

"मासा आहे का यात?" तिने विचारलं.

"शेपटीचा. त्यांना तोच लागायचा."

एमटने दोन चमचे घेतले, त्यातला एक ओकला. हाविसने पुन्हा भरवलं. तिसरा राहिला.

तेवढ्यात रनुल्फ धापा टाकत दारात पोचले. पोरीच्या तोंडात चमचा, हाविसच्या हातात वाडगा हे बघून ते उंबऱ्यावरच गुडघ्यांवर बसले.

"बाईंच्या वाडग्यातून," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "बाईंनी स्वतः भरवलं."

"मी भरवलं," हाविस म्हणाली.

पण ते कुठले ऐकतात. पुढच्या वर्षी सणाला तो सतरावा चमत्कार म्हणून वाचला गेला. अन्न वर्ज्य केलेल्या संताने अन्न वर्ज्य केलेल्या मुलीला आपल्या हाताने घास भरवला. त्यात काही विसंगत आहे असं एकाही माणसाला वाटलं नाही. हाविसचं नाव नव्हतं. वाडगा परत मखमलीवर गेला होता, फक्त आता त्याला माशाचा वास येत होता आणि लोक त्याला स्वर्गीय सुगंध म्हणत होते.

पाद्रीबाबा म्हणाले, "बावीस वर्षं त्या पुण्यवतीने अन्नाला तोंड लावलं नाही."

"जेवायच्या," मागच्या खांबापासून आवाज आला. मोठ्याने, सरळ, कोणी दाराशी निरोप सांगावा तसा.

माना वळल्या. पाद्रीबाबांनी घसा साफ केला आणि पुढे वाचलं. हाविसला दंड झाला, तीन रविवार अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन चर्चभोवती फिरायचं. ती फिरली. पुढच्या सणाला पुन्हा तेच वाक्य आलं आणि पुन्हा खांबापासून "जेवायच्या". पुन्हा दंड. नंतर नंतर दंड करायचा कंटाळा आला. पोरं हसायची, परगावचे यात्रेकरू विचारायचे, ही म्हातारी कोण? गावचे लोक डोक्याशी बोट फिरवून दाखवायचे. अकरा वर्षं. एकही सण चुकला नाही, तापात फणफणत होती तेव्हाही एमटच्या खांद्यावर हात टाकून आली.

बाराव्या वर्षी, मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवसांत, हाविस गेली. तिच्या उशाखाली गुंडाळलेला एक दोरा सापडला. त्याची वात कधी झालीच नव्हती.

त्या वर्षी सणाला चर्च खचाखच भरलं होतं. पाद्रीबाबा त्या वाक्यापाशी आले, वाचलं, आणि सवयीने थांबले. खांबाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पान उलटायला हात उचलला.

"जेवायच्या," पहिल्या रांगेतून एमट म्हणाली. कडेवर तिचं पोर होतं आणि ते हातातला पाव चावत होतं.