सहा हातांचा कामगार आणि दोनच हातमोजे

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्याकडे कुणी आलं, तर मी दारातच सांगते, या, बसा, चहा घ्या, पण पाऊण तास बोलायचं नाही. रहाटणीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आता हे सगळ्यांना माहीत झालंय. त्या वेळी आमचे मिस्टर ‘वेधयान’चा नवीन भाग बघत असतात.

मिस्टरांचं नाव ज्योतीराम. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर आहेत, सव्वीस वर्षं झाली. ‘वेधयान’ ही बाहेरच्या देशातली, एका अंतराळयानाची मालिका, हिंदीत डब केलेली. आधी तिचे तीन सिनेमे आले, मग मालिका आली, मग त्या मालिकेतल्या एकाच माणसाची वेगळी मालिका निघाली, आणि आता त्या सगळ्यांच्या नातवंडांची चालू आहे. आमच्या गावाकडच्या भावकीसारखंच आहे. कोण कुणाचं कोण, हे मला अजून पाठ झालेलं नाही. मिस्टरांना सगळं पाठ आहे.

हे वेड आमच्या दिव्याने लावलं. ती दहावीला होती तेव्हा मोबाइलवर बघायची, आणि हे शेजारी पेपर वाचत बसायचे. एकदा पेपरच्या वरून नजर गेली आणि एकदम ओरडले, “अगं दिव्या, हा माणूस चालू मशीनमध्ये हात घालतोय!”

“पप्पा, त्याला जग वाचवायचंय.”

“वाचव म्हणावं. पण आधी मशीन बंद कर.”

त्या दिवसापासून पेपर खाली गेला तो गेलाच. आता दिव्या बंगळुरूला नोकरीला आहे. शुक्रवारी ती घरून काम करते. साडेपाचला ती तिकडे लॅपटॉप मिटते, हे इकडे पहिल्या शिफ्टवरून येऊन हातपाय धुऊन बसतात, आणि दोघं फोन करून एकदमच भाग सुरू करतात.

दुसरी माणसं अशा मालिका बघताना टाळ्या वाजवतात, रडतात. आमच्याकडे तसं नाही. तिकडे अख्खा ग्रह फुटला तरी यांचा चेहरा हलत नाही. पण जमिनीवर वायर नुसती लोळताना दिसली, की जिवाची तगमग होते.

“एवढं मोठं यान बांधलं,” म्हणतात, “आणि इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण एक दिसत नाही.”

मी म्हणते, “अहो, ती दुसऱ्या आकाशातली माणसं आहेत.”

“मग? तिकडे करंट बसत नाही का?”

त्या यानात ब्रुनो नावाचा एक म्हातारा मेकॅनिक आहे. मिस्टरांचा जीव त्याच्यावर. बाकीचे बंदुका घेऊन पळत असतात, आणि हा बिचारा खाली इंजिनपाशी पाना घेऊन बसलेला. मलाही तो आवडतो. देवापुढे दिवा लावायची वेळ नेमकी मालिकेत येते, तेव्हा दिवा लावता लावता मी विचारते, “ब्रुनो आहे ना?” हे म्हणतात, “आहे, आहे.” मग मी हात जोडते.

आता कार्डांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या कार्डांमुळेच झालं.

यांच्या कंपनीत प्रत्येकाला महिन्याला दोन पिवळी कार्डं भरून द्यावी लागतात. नियर मिसची. म्हणजे अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, असं काही दिसलं, की ठिकाण, काय दिसलं, उपाय काय, असं लिहायचं आणि गेटजवळच्या पेटीत टाकायचं. बरेच जण महिनाअखेरीला काहीतरी खरडतात. आमचे मिस्टर तसे नाहीत. यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी आहे. लग्नाच्या आधी एका छोट्या वर्कशॉपात गेली. त्याबद्दल कधी बोलत नाहीत. हातमोजा घालताना एक बोट रिकामं लोंबतं, त्यावर हसतात फक्त.

तर या कार्डांचं एक बुक घरी असतं, आणि मालिका बघताना हे त्यावर लिहितात. नवीन भागावरचं यांचं मत म्हणजे हे कार्ड. भाग संपला की फोटो काढून दिव्याला पाठवायचा. ती तिकडे हसून लोळते. एक कार्ड असं होतं : ‘ठिकाण – इंजिन रूम. वेल्डिंग चालू, गॉगल नाही, शेजारी इंधनाची पिंपं. उपाय – पिंपं हलवा, परवानगीशिवाय वेल्डिंग नको.’ दुसरं : ‘ठिकाण – वरचा मजला. कठडा नाही. एक पडला, तिघे थोडक्यात वाचले. उपाय – साडेतीन फुटी कठडा, खाली पायाशी अडवी पट्टी.’ आणि सवय अशी, की प्रत्येक कार्डाखाली स्वतःचं नाव आणि टोकन नंबर.

या वर्षी कंपनीने ठरवलं, की नवीन येणाऱ्या मुलामुलींना सुरक्षेचं ट्रेनिंग द्यायला शॉपवरचाच, म्हणजे मशिनींवर काम करणारा एक जुना माणूस घ्यायचा. मिस्टरांनी अर्ज केला. सव्वीस वर्षांत यांनी कंपनीकडे काही मागितलं नव्हतं. मी विचारलं, “आत्ता काय मनात आलं?” तर जेवता जेवता म्हणाले, “मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ऐकलं असतं मी.” एवढंच. मी पोळी वाढली. त्या दिवशी मला कळलं, की हे काम यांना मिळालंच पाहिजे.

मुलाखत गुरुवारी होती. आणि सोमवारी मी घोळ घातला.

सोमवार महिन्याचा शेवटचा, कार्डं द्यायची शेवटची तारीख. सकाळी सव्वापाचला डबा भरताना टीव्हीखाली मला पिवळ्या कार्डांची गड्डी दिसली, रबर लावलेली. मला वाटलं, विसरले बहुतेक. मी ती बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकली. कंपनीची खरी दोन कार्डं आधीच तिथे होती, ते मला काय माहीत. बस उशिरा पोचली, हे गेटवर पळत गेले, कप्प्यात हात घातला आणि हाताला लागलं ते सगळं पेटीत टाकलं.

संध्याकाळी टीव्हीखाली शोधाशोध सुरू झाली. “इथली कार्डं कुठं गेली गं?”

मी सांगितलं. हे खाली बसले.

“सगळी?”

“सगळी.”

“सहा हातवाल्याचं पण?”

“अहो, मी वाचून थोडीच घातली!”

“प्रत्येकावर टोकन नंबर आहे,” म्हणाले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

खालच्या मजल्यावर साहेबराव राहतात, त्याच कंपनीत स्टोअरला आहेत. जिना चढता चढता त्यांनी सगळं ऐकलं, आणि दारात उभं राहून हसत सुटले. “भावा, मुलाखतीचं सोड आता! तुझी थेट अंतराळात बदली. वहिनी, यांच्या डब्याचं काय करणार? वर कसा पोचवणार?”

मी त्यांना चहा दिला, पण बिस्किट दिलं नाही.

रात्री देवापुढे साखर ठेवली. मागितलं काही नाही. चूक आपलीच, मग मागायचं कुठल्या तोंडाने? नुसती ठेवली.

मंगळवारी पेटी उघडली. ती उघडतात सुरक्षा विभागाच्या मिनल मॅडम. मॅडम कडक आहेत म्हणे, एकेक कार्ड स्वतः वाचतात. गड्डीतलं पहिलंच कार्ड हातात आलं ते कठड्याचं. एक पडला, तिघे वाचले! आणि आपल्याला पत्ता नाही! मॅडम उठल्याच. आधी दवाखान्याचं रजिस्टर बघितलं, कुणाची नोंद नाही. मग लाईनवर विचारलं, कुणी पडलं का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मिस्टर त्या वेळी बाहेरच्या शेडमध्ये पंप खोलून बसले होते, त्यांना यातलं काही कळलं नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, आपल्याकडे वरचा मजला म्हणजे एकच, स्टोअरचा माळा. दोन माणसं घेऊन त्या माळ्यावर चढल्या.

आणि बघतात तर काय, माळ्याच्या एका बाजूला खरंच कठडा नाही! नवीन रॅक वर चढवायला पंधरा दिवसांपूर्वी काढला होता, तो परत लावायचा राहून गेला होता. त्या जागी सुतळी बांधली होती. सुतळी! आणि बांधली कुणी, तर साहेबरावांनी.

संध्याकाळी साहेबराव परत आले, पण दारात उभे राहिले नाहीत. आत येऊन गपचूप खुर्चीवर बसले.

“ज्योतीराम, तू लिहिलेलं यानाचं, आणि शिव्या खाल्ल्या मी.”

“सुतळी कशाला बांधायची साहेबराव?” मिस्टर म्हणाले.

“अरे, तात्पुरती होती ती!”

“पडणारा तात्पुरता पडतो का?”

या वेळी मी बिस्किटं दिली.

बुधवारी मिस्टरांना बोलावणं आलं. पुढचं त्यांनीच घरी येऊन सांगितलं तसं लिहिते. मॅडमनी टेबलावर सगळी कार्डं पत्त्यांसारखी मांडली होती. त्यातलं एक उचललं आणि मोठ्याने वाचलं : “‘सहा हातांचा कामगार. हातमोजे दोनच. चार हात उघडे.’ ज्योतीराम, हा आपल्या कुठल्या लाईनवर आहे?”

“मॅडम, तो आपला नाही. तिकडचा आहे.”

“तिकडचा म्हणजे?”

मग यांनी सगळं सांगितलं. मालिका, शुक्रवार, दिव्या, फोटो. गड्डी बॅगेत कुणी घातली ते मात्र सांगितलं नाही. मी विचारलं, “माझं नाव का नाही घेतलं?” तर म्हणाले, “पेटीत तर मीच टाकली ना, न बघता?”

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काल मी किती धावले, माहितीये?”

“चुकलं मॅडम.”

“आणि कठडा खराच नव्हता.” मॅडमनी ते कार्ड पुढे सरकवलं. “हे पायाशी अडवी पट्टी वगैरे तुम्ही यानासाठी लिहिलंत?”

“पट्टी नसली तर पाना पायाने ढकलला जातो, मॅडम. आणि खाली कुणीतरी असतंच. यान असो नाहीतर माळा.”

मग मॅडमनी रबर लावून गड्डी परत दिली. “उद्या मुलाखतीला ही घेऊन या. सगळी.”

आता गंमत बघा, गड्डी परत मिळाली तरी भीती गेली नाही, उलट दुप्पट झाली. कारण आमच्या मिस्टरांना चार माणसांत बोलता येत नाही. दिव्याच्या शाळेत पालकसभेत नाव सांगायचं होतं, तर माझं सांगून बसले होते. आणि मुलाखत म्हणजे वीस नवीन मुलामुलींसमोर पाच मिनिटं शिकवून दाखवायचं. रात्री दिव्याचा फोन आला. ती म्हणाली, “पप्पा, शिकवू नका. मला शुक्रवारी सांगता, तसं सांगा.”

गुरुवारी माझा उपास असतो. सकाळी यांच्या कपाळाला अंगारा लावला आणि दिवसभर घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणजे ठरवलं होतं बघायचं नाही. तीन वेळा बघितलं.

तिथे झालं ते असं. दोन उमेदवार आधी झाले, त्यांनी पडद्यावर नियम वाचून दाखवले. मुलं पेंगायला लागली. मग हे उभे राहिले. कार्डं हातात घट्ट धरली. म्हणाले, “एक ब्रुनो नावाचा मेकॅनिक आहे. वय साठ. तो इंजिनखाली गेलाय आणि वरती कुणीतरी मेन स्विच चालू करायला निघालाय.” आणि गप्प बसले.

पुढचं आठवेना म्हणून गप्प बसले होते! पण मागून एक मुलगी म्हणाली, “सर, मग काय झालं?”

“काय व्हायला नको होतं, ते तू सांग,” हे म्हणाले.

“स्विचला कुलूप लावायला पाहिजे होतं.”

“चावी कुणाकडे?”

“जो खाली गेलाय त्याच्याकडे!” दोघं-तिघं एकदम ओरडले.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. शेवटी एकाने विचारलं, “सर, तुमची करंगळी?” आणि यांनी हात वर करून सगळ्यांना दाखवला. सव्वीस वर्षांत कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मॅडम मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

शुक्रवारी दुपारी बोर्डावर नाव लागलं. साहेबरावांनी फोटो काढून मला पाठवला, वर लिहिलं होतं, ‘यान उतरलं.’ मी देवापुढची साखर उचलली आणि तिचाच शिरा केला, वाटीभर रव्याचा.

साडेपाचला हे बसले, साहेबराव पण बसले, तिकडे दिव्या बसली. तो त्या मालिकेचा शेवटचा भाग होता. मोठी लढाई झाली, कुणाचा तरी मुलगा कुणाचा तरी निघाला, साहेबरावांनी डोळे पुसले. ब्रुनो वाचला. आणि अगदी शेवटी, मागच्या बाजूला, तो सहा हातांचा कामगार पेट्या उचलून जाताना दिसला. मिस्टर एकदम पुढे सरकले. “थांब, थांब! मागे घे जरा.”

साहेबरावांनी मागे घेतलं. हे टीव्हीजवळ जाऊन बोट लावून मोजायला लागले. त्या अर्ध्या करंगळीनेच.

“चार आहेत!”

“काय चार?” मी शिऱ्याची वाटी घेऊन बाहेर आले.

“हातमोजे! चार घातलेत त्याने!”

फोनमधून दिव्या ओरडत होती, साहेबराव टाळ्या वाजवत होते. यांनी शांतपणे चष्मा लावला, नवीन कार्ड घेतलं आणि लिहिलं : ‘सुधारणा दिसते. दोन बाकी.’

खाली नाव आणि टोकन नंबर. ते कार्ड मात्र मी लगेच उचलून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं, बॅगेपासून लांब.