एवेलिओच्या टाकीतलं शेवाळ

टाकून देणं ही गोष्ट एवेलिओ काब्रेराला जन्मात जमली नाही. रेग्लाच्या बंदरावरच्या बर्फखान्यात त्याने उभं आयुष्य यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलं आणि तिथून जे जे भंगारात निघालं ते ते त्याच्या घरात आलं. त्याची बायको नेरेइदा म्हणायची, "मी मेले तर मलाही पुरणार नाहीस तू. म्हणशील, राहू दे, कशाला तरी उपयोगी पडेल."

बैठकीच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी याच खोडीतून उभी राहिली. काच न्हाव्याच्या बंद पडलेल्या दुकानाची, पंप जुन्या रशियन वॉशिंग मशीनचा, झाकण कुणाच्या तरी कपाटाचं दार. पण टाकीच्या आतला समुद्र मात्र त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, योसवानीचा. तो कोहीमार गावच्या खडकांवरून बुडी मारायचा आणि एकेक जीव वर आणायचा. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा असा एक छोटा मासा. बोटं हलवल्यासारखं हलणारं एक समुद्रफूल. मेंदूसारख्या घड्या असलेलं मुठीएवढं पोवळं, ज्या दगडावर वाढलं त्या दगडासकट.

पाणीही तोच आणायचा, सायकलला कॅन बांधून. घरासमोर समुद्र आहे, पण आमच्या उपसागरात तेलाचा कारखाना आधी आणि मासे नंतर. त्या पाण्यात हात घातला तर हात धुवायला दुसरं पाणी शोधावं लागतं. म्हणून कोहीमार. बाप-लेकाचं बाकी कशावरच जमत नसे. नोकरी, सरकार, केस किती वाढवावेत, सगळ्यावर खडाजंगी. टाकीपुढे बसले की दोघांचे आवाज खाली यायचे.

मे महिन्यात एका संध्याकाळी योसवानीने नेहमीपेक्षा जास्त पाणी आणलं, जवळजवळ निम्मी टाकी बदलली आणि बापाला म्हणाला, "आता काही दिवस पाण्याकडे बघायला नको, म्हाताऱ्या." दुसऱ्या दिवशी तो तीन मित्रांबरोबर घरी बांधलेल्या होडीतून उत्तरेकडे, समुद्रापलीकडचा देश गाठायला, चोरून निघून गेला. ते बोलणं निरोपाचं होतं हे एवेलिओला मागाहून कळलं. होडी पोचल्याची बातमी आली नाही. बुडाल्याचीही आली नाही. सुरुवातीला शेजारीपाजारी विचारायचे, मग विचारायचे बंद झाले, आणि ते बंद होणं विचारण्यापेक्षा वाईट होतं.

थोड्याच दिवसांत शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवट धूर धरल्यासारखं, मग दगडांवर केस. माशांचं खाणं आणि घाण पाण्यात विरते, त्यावर शेवाळ पोसतं. पाणी बदललं तर त्याची उपासमार होते, नाही बदललं तर त्याचं चांगलंच फावतं. एवेलिओचा गुडघा सायकल मारण्याच्या पलीकडे गेला होता. बसने एखादा कॅन आणायचा, तोही बस आली तर. एवढ्याशा पाण्याने शेवाळाचं काय बिघडणार?

एवेलिओने मनाशी ठरवलं की पोराची खबर येईपर्यंत त्याने आणलेला एकही जीव मरू द्यायचा नाही. याला तो नवस म्हणत नव्हता. नवस करणारी माणसं म्हणजे नेरेइदासारखी. तिच्या आतल्या खोलीत येमायाचं ठाणं होतं: निळं भांडं, शिंपले, उसाच्या काकवीची बाटली. येमाया समुद्राची आई, चर्चमध्ये तिलाच रेग्लाची काळी कुमारीमाता म्हणतात, आणि तिला काकवी आवडते. एवेलिओ युनियनचा जुना माणूस, त्याला हे सगळं पोरखेळ वाटायचं. तरी दोघांचं मागणं एकच होतं, फक्त तिचं देवीपुढे होतं आणि याचं काचेपुढे.

तो लढला हे मात्र खरं. दातांच्या ब्रशने दगड घासले, नळीने केस ओढून काढले, माशाला अर्ध्या पोटी ठेवलं. टाकीवर घोंगडी टाकून दिवसचे दिवस अंधार केला. शेवाळ खायला खडकावरचा, काळ्या काट्यांच्या गोळ्यासारखा एक जीव आणून सोडला, तर त्या बेट्याने शेवाळ सोडून पोवळ्याचा दगड उलथवला. डॉमिनो खेळायला येणारा शेजारचा फर्मिन टाकीकडे बघून म्हणाला, "एवेलिओ, आता यात एक शेळी सोड. दूध तरी मिळेल."

"हस लेका. तुझ्या डोक्यावर तेवढंही उगवत नाही."

"उगवलं असतं तर तू तेही घासून काढलं असतंस."

फर्मिन गेल्यावर एवेलिओ पुन्हा ब्रश घेऊन बसला. पोवळ्याच्या एका कडेवर हिरवी जटा चढली होती आणि तिच्याखालचं मांस मरून पांढरं हाड उघडं पडलं होतं. त्या पांढऱ्या ठिपक्याची त्याला भीती वाटायची. सकाळी उठल्या उठल्या तो आधी तिकडे बघायचा.

ऑगस्टमध्ये मात्र नवल झालं. शेवाळ मागे हटू लागलं. केस पिवळे पडले, नळी लावताच सुटून यायला लागले, काच स्वच्छ राहू लागली. पोवळं रात्री पुन्हा तोंडं उघडू लागलं. एवेलिओची छाती फुगली.

"बघितलंस, नेरे? चिकाटी लागते. हात लागतो."

"हो बाबा, हात लागतो," नेरेइदा म्हणाली आणि कित्येक आठवड्यांनी हसली. ती हल्ली सकाळी टाकीजवळ बसायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची. एवेलिओला वाटलं, बरं आहे, तिलाही विरंगुळा झाला. त्या दिवसांत त्याला आशा वाटू लागली होती. पोवळं सावरतंय म्हणजे पोरगंही कुठेतरी सावरत असेल, असं त्याच्या मनात यायचं आणि तो स्वतःलाच दटावायचा.

सप्टेंबरात कुमारीमातेचा सण आला. नेरेइदा निळा झगा घालून सकाळीच मिरवणुकीला गेली. दाराशी थांबून टाकीकडे बघत म्हणाली, "आज तिचा दिवस. आज ती ऐकतेच." एवेलिओने मान हलवली.

तासा-दोन तासांनी पाणी त्याला तांदळाच्या धुवणासारखं दिसलं. मग वीज गेली. त्याचं काही विशेष नव्हतं, त्या उन्हाळ्यात वीज रोज जायची. पंप थांबला की आमच्याकडे टाकीवाले प्लास्टिकचा मग घेऊन बसतात. पाणी काढायचं, हात उंच करायचा आणि वरून धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा जाते. नवरा-बायको पाळीपाळीने हे करायचे आणि वीज येईपर्यंत सगळं जगायचं. एवेलिओ बसला. मग बुडव, धार सोड. मग बुडव, धार सोड.

पण त्या दिवशी मासा वर आला. पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळू लागला. एवेलिओने हात भराभर चालवला, खांदा भरून आला तरी थांबला नाही. बाहेर रस्त्यावरून ढोल जात होते. समुद्रफूल आक्रसून ओल्या बोळ्यासारखं झालं. मासा एका कुशीवर वळला, जांभळी बाजू वर. "नको रे," एवेलिओ मोठ्याने म्हणाला, "अरे, नको ना!" वीज लवकरच आली, रोजच्यापेक्षाही लवकर. पंप सुरू झाला आणि मेलेला मासा टाकीभर गोल गोल फिरू लागला.

मासा काढायला त्याने झाकण पूर्ण उचललं, तेव्हा कडेला बोट चिकटलं. झाकणामागे एक चमचा होता, आणि काचेवरून आत उतरलेला तपकिरी ओघळ. त्याने बोट जिभेला लावलं. गोड. तो आतल्या खोलीत गेला. येमायापुढची काकवीची बाटली तळाला गेली होती.

गोड पाणी आंबतं, आणि आंबताना त्यातली हवा खाऊन टाकतं, हे काकवी आंबवून दारू गाळणाऱ्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. शेवाळ कशाने हटलं तेही त्याच्या ध्यानात आलं. थोड्या काकवीवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले आणि त्यांनी शेवाळाच्या तोंडचा घास पळवला. ऑगस्टभर ती रोज थेंबभर देत आली होती. आज सणाचा पूर्ण नैवेद्य; येमायाचा आकडा सात, म्हणून सात चमचे. घरातल्या समुद्राला दिलं की मोठ्या समुद्रापर्यंत पोचतं, असं तिला वाटलं असणार. पोराला आणून दे, एवढंच मागितलं असणार.

त्याला तिचा भयंकर राग आला. मग तो चमचा धुऊन स्वयंपाकघरातल्या खणात ठेवताना त्याला रडू कोसळलं. ओघळही त्याने पुसून काढला.

नेरेइदा परतली. मासा नसलेल्या टाकीकडे बघत दारातच उभी राहिली.

"कशाने?"

"विजेने. कशाने म्हणजे? वीज गेली!" एवेलिओ ओरडला, आणि सरकारी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार त्याने असा केला की अख्खी गल्ली दारात आली. ज्या माणसाने आयुष्यात सरकारविरुद्ध ब्र काढला नव्हता त्याच्या तोंडून हे ऐकून फर्मिनने आपली खिडकी लावून घेतली. नेरेइदाने आत जाऊन निळ्या भांड्यावर फडकं टाकलं, आणि त्यानंतर ते काढलं नाही.

पोवळं आठवडाभरात पांढरं पडलं. टाकी मोडायची ताकद एवेलिओत नव्हती. पाणी, दगड, सगळं तसंच राहिलं. सवयीने तो सकाळी टाकीवरचा दिवा लावायचा, सवयीने बसने जाऊन कॅनभर पाणी आणायचा. खबर काही आली नाही. योसवानीबरोबर गेलेल्या एका मुलाच्या आईने नोव्हेंबरात शोकाचे काळे कपडे घातले, तिलाही कुणी काही कळवलं नव्हतं. ती फक्त थकली होती.

त्याच सुमाराला पोवळ्याच्या दगडावर पुन्हा हिरवं धरलं. आधी धूर, मग केस.

एका सकाळी एवेलिओ उठून बाहेर आला तर नेरेइदा बाही वर करून टाकीपाशी उभी होती, हातात दातांचा ब्रश.

"काय करतेस?"

"घासते. इतके दिवस तू घासलंस."

"राहू दे."

तिने हात पाण्यातच ठेवला. मागे वळून न बघता म्हणाली, "वीज तर रोजच जायची, म्हाताऱ्या. तेव्हा नाही मेले ते."

"त्या दिवशी जास्त वेळ गेली होती."

"नव्हती. ढोल चौकातही पोचले नव्हते आणि दिवे आले." ती घासतच राहिली. "तू चमचा धुऊन ठेवलास. मी कधीच त्या खणात ठेवत नाही."

एवेलिओ पुढे झाला, तिचं मनगट धरून हात पाण्यातून बाहेर काढला आणि ब्रश काढून घेतला. पंपाच्या धारेत शेवाळ हलत होतं.

"हे त्यानेच आणलंय," तो म्हणाला. "दगडाबरोबर आलं, कोहीमारहून. त्याने आणलेल्यातलं एवढंच जिवंत आहे, नेरे. राहू दे."

नेरेइदाने ओला हात झग्याला पुसला आणि दोघं टाकीपुढे बसली. आता माशाची घाण नव्हती, शेवाळ पोसायला कोहीमारचं नवं पाणीच लागणार होतं. मग तो उठला आणि पाणी आणायचा कॅन शोधू लागला.