फोन कटल्यानंतरचं बोलणं

रंगनाथ सावदेकर जयपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हेडक्लार्क होता, पण रेल्वेची माणसं त्याला ओळखत ती नकलांमुळे. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या स्टेजवर तो एकटा उभा राही आणि अख्खा प्लॅटफॉर्म उभा करी: चहावाला, टीसी, बिनतिकीट पुढारी, त्याचे दोन चमचे. भुसावळहून बदली होऊन आल्याला बावीस वर्षं झाली होती. इथली ढूंढाडी बोलीसुद्धा तो अशी बोले, की इथलीच माणसं पोट धरून हसत.

त्याची बायको इंदुमती प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असे. कुठे हशा पडणार हे तिला पाठ असायचं, तरी हसायची. बनी पार्कातल्या त्यांच्या भाड्याच्या घरात तो तालीम करू लागला, की ती कुकरची शिट्टीही होऊ देत नसे.

२००७च्या गणपतीत मात्र ती बहिणीच्या ऑपरेशनसाठी भुसावळला गेली होती. परतली तेव्हा शेजारची रत्नमाला म्हणाली, "या वेळी भाऊजींनी बाईचा आवाज काढला. काय हसलो म्हणून सांगू!"

"मला नाही बोललात ते," इंदुमती नवऱ्याला म्हणाली.

"छोटंसंच होतं गं," म्हणत रंगनाथने पेपर उघडला.

कुणीतरी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलं होतं. दिवाळीपर्यंत ते कुठल्या कुठे पोचलं. इंदुमतीला ते ऐकवलं तिच्या मुलाने.

विशाल हैदराबादला नोकरी करत होता. एरवी तिनेच फोन करायचा आणि त्याने 'मीटिंग आहे' म्हणून दोन मिनिटांत ठेवायचा. त्या दिवशी त्याने आपणहून केला.

"आई, एक गंमत ऐक. आमच्या ऑफिसात सगळ्यांकडे आहे. मतलब, लोकांनी रिंगटोन केलीय! कुणीतरी बाई आहे, मुलाने फोन कट केलाय आणि ही आपली बोलतेच आहे."

त्याने मोबाइलचा स्पीकर रिसीव्हरजवळ धरला. आधी टूं-टूं-टूं. मग एक घोगरा, प्रेमळ बायकी आवाज, हिंदीत: "हाँ बेटा, खा लिया ना?" टूं-टूं. "स्वेटर ठीक बैठा? बाँहें लंबी तो नहीं?" टूं-टूं. "अरे, तारीफ मत कर, रंग तो दुकानदार ने चुना।" टूं-टूं. प्रत्येक टूं-टूंला हशा.



स्वेटर तिनेच पाठवला होता, गेल्या हिवाळ्यात. त्या दिवशीही विशालने मध्येच फोन ठेवला होता. बाहेर व्हरांड्यात रंगनाथ बसला होता. मुलगा आईशी बोलत नाही हे त्याला कळू नये, म्हणून ती तशीच बोलत राहिली. स्वतःच विचारायचं, थोडं थांबायचं, हसायचं, मग 'बरं, ठेवते' म्हणायचं. असं तिने वर्षभर केलं होतं. बाहेर टूं-टूं ऐकू जातं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आई? हसली नाहीस?"

"गॅसवर दूध आहे," म्हणून तिने फोन ठेवला.

रंगनाथ घरी आला तेव्हा ती व्हरांड्यातच उभी होती. "तुम्हाला माहीत होतं."

तो समजला. चपला काढत म्हणाला, "तुझं नाव कुठे घेतलंय मी? आणि लोक नुसते हसत नाहीत गं, रडतातसुद्धा."

"मी एकटीच बोलतेय हे तुम्हाला ऐकू येत होतं ना? मग आत येऊन बसला का नाहीत माझ्याजवळ?"

त्याने चपला भिंतीशी नीट लावल्या. मग म्हणाला, "पुन्हा नाही करणार. शपथ."

शपथेवर विसंबून ती सव्वीस जानेवारीला दुपारच्या कार्यक्रमाला गेली. टीसी झाला, पुढारी झाला. मागून पोरांनी गलका केला, "फोनवाली! फोनवाली!" रंगनाथने हात जोडले, नको नको म्हटलं. गलका वाढला. त्याने एकदा, फक्त एकदाच, तिच्याकडे पाहिलं आणि नसलेला रिसीव्हर कानाला लावला.

ती उठली. ती फोनवाली आपणच, हे कुणी ओळखेल असंही तिला वाटलं नाही, कारण सगळे स्टेजकडेच बघत होते. चालत घरी आली आणि विशालला फोन लावला.

"त्या टेपमधला आवाज तुझ्या बाबांचा आहे. बाई मी."

या वेळी फोन कटला नाही.

"मी इतक्या वेळा कट करायचो?"

"करायचास," ती म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून आणखी काही जोडलं नाही.

त्यानंतर दोघं बराच वेळ बोलली.

रंगनाथ संध्याकाळी शाल आणि नारळ घेऊन आला. "लोक उभे राहिले, इंदू. माझ्या हातात नव्हतं गं." तिने ताट वाढलं.

"विशालला सांगितलंय मी."

"काय म्हणाला तो?"

"ते तुम्हाला नाही सांगायचं."

पुढे दोन वर्षांनी तो रिटायर झाला. नव्या नकला त्याने खूप बसवल्या, पण लोक ती एकच मागत, आणि तो ती करत राहिला. इंदुमती पुन्हा कार्यक्रमाला गेली नाही. विशाल दर रविवारी फोन करतो. फोन आला, की ती मोबाइल घेऊन गच्चीवर जाते आणि जिन्याचं दार ओढून घेते.