एकाच दुधावरची पिल्लं

आमच्या जिन्याखाली व्यालेल्या मांजरीची तिन्ही पिल्लं एकदम आजारी पडली. उलट्या, जुलाब आणि मान टाकून पडून राहणं. शेजारच्या शैलावहिनी आणि मी त्यांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

“विषाणू आहे. त्याला मारणारं औषध माझ्याकडे नाही,” डॉक्टर म्हणाले. “सलाइन लावतो. बाकी लढायचं त्यांच्याच अंगाने.”

“एवढ्याशा जिवांना लढायला शिकवलं कोणी?” वहिनींनी विचारलं.

“जन्मतःच घेऊन येतात. पूर्वी अशा साथींतून जे वाचले, त्यांची जनुकं यांच्यात उतरली आहेत. पण विषाणूही बदलत राहतो. आणि भावंडं असली तरी सगळ्यांना सारखंच मिळत नाही.”

घरी आणून आम्ही ड्रॉपरने पाणी पाजत राहिलो. ते ओठांच्या कडेने बाहेर यायचं. दोन पिल्लं गेली, काळं तेवढं वाचलं. आई एक, दूध एक, मग हेच का? माझ्याही अंगात जी काही ताकद आहे, ती अशीच कुणाकुणाच्या वाचण्यातून आली असणार. शरीर शिकतं खरं, पण लाखो वर्षं घेऊन. समोरच्या पिल्लाला तेवढी सवड कुठून असायची?

काल काळं पिल्लू दूध पीत होतं आणि मांजर मान वर करून बाकीच्यांना हाका मारत होती.

“नाहीत गं ती आता,” वहिनी तिच्याजवळ बसून म्हणाल्या.

तिने वहिनींकडे पाहिलं आणि पुन्हा हाक मारली.