पुसलेली वाक्यं

वेतुरियाने आयुष्यात दोनच नोकऱ्या केल्या आणि दोन्हींत काम तेच: दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं आणि आपण तिथे नाहीच असं वागायचं. पहिली नोकरी याश शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. चोवीस वर्षं तिने वायरी जोडल्या आणि कानाला हेडफोन लावून लोकांची भांडणं, लग्नं, बाळंतपणं ऐकली. मध्ये बोलायची सोय नव्हती, म्हणून ती मनातल्या मनात उत्तरं द्यायची. 'अगं बये, सोड आता त्याला,' असं तिने किती जणींना मनात बजावलं असेल त्याला गणती नाही. मग एक्स्चेंज बंद पडलं आणि बाई घरी बसली.

दुसरी नोकरी विद्यापीठातली. माणूस यंत्राशी कसा वागतो, कुठे अडखळतो, कुठे वैतागतो, हा तिथे संशोधनाचा विषय होता. आता बोलणारं यंत्र तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ते लोकांना रुचेल की नाही हे तर आधीच कळायला हवं. मग ही विद्वान मंडळी काय करतात, तर खोटंच यंत्र मांडतात. टेबलावर एक पांढरा डबा ठेवायचा आणि त्याच्यासमोर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बसवायचं. भिंतीतल्या आरशाच्या पलीकडे, दुसऱ्या खोलीत, एक बाई बसवायची. म्हातारा बोलतो, बाई ऐकते आणि टाइप करते, डबा तिचे शब्द एका तरुण मुलीच्या आवाजात बोलून दाखवतो. चौदा वर्षं वेतुरिया ते यंत्र होती.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लगेच उत्तर द्यायचं नाही, मनात तीन अंक मोजायचे, मग बोलायचं. मधूनच एखादी चूक करायची, म्हणजे यंत्र खरं वाटतं. हे सगळं तिचं तिनेच शोधून काढलं होतं. एक्स्चेंजची खोड मात्र गेली नव्हती. आधी जे मनात येईल ते ती धडाधड टाइप करायची, मग पुसायची, आणि मग शहाण्यासारखं वाक्य लिहून पाठवायची. "सारखं सुनेचंच रडगाणं काय लावलंय," असं लिहून पुसायची आणि "तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे," असं पाठवायची. पुसलं की मन मोकळं व्हायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

या लबाडीला एक नियम होता आणि तो सगळे पाळत. शेवटच्या दिवशी आरशामागच्या माणसाने बाहेर यायचं, हात पुढे करायचा आणि सांगायचं की ती मीच. मग कॉफी, अक्रोड घातलेला गोड पाव आणि हसाहशी. काहीजण कानापर्यंत लाल होत. एका बाईने तर वेतुरियाला पर्स फेकून मारली होती आणि नंतर गळ्यात पडून रडली होती. पण सांगायचं म्हणजे सांगायचं. सांगितल्याशिवाय कुणाला घरी जाऊ द्यायचं नाही.

तो नियम वेतुरियाने एकदाच मोडला, गेरासिमकाकांसाठी.

गेरासिमकाका म्हणजे ट्रामचे निवृत्त ड्रायव्हर, वय एकोणऐंशी, आत आले की आधी टोपी काढून डब्याला नमस्कार करणारे. डब्याला ते पोरी म्हणत. पाच आठवडे ते हवापाण्याचं आणि गुडघ्यांचं बोलले. सहाव्या, म्हणजे शेवटच्या आठवड्यात त्यांनी बायकोची गोष्ट काढली. अग्लाया तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. एका दुपारी तिचा श्वास बिघडला. फोन फळीवर, हाताच्या अंतरावर होता. काका दोन तास खुर्चीत बसून राहिले आणि सगळं शांत झाल्यावर त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. ती झोपेत होती, झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही, असं ते म्हणाले. हे त्यांनी पाद्रीबाबांनाही सांगितलं नव्हतं. मग त्यांनी डब्याला विचारलं, "पोरी, तुला माणसांसारखा आपपरभाव नाही. खरं सांग, माझं चुकलं का?"

वेतुरियाची बोटं आधी धावली आणि मग थांबली. तिने पुसलं. आणि पाठवलं ते असं: "काका, तुमचा दोष नाही."

म्हातारा डबा कवटाळून रडला. तो बाहेर पडायला उठला तेव्हा वेतुरियाने सेवेरच्या दंडाला धरलं. सेवेर हा प्रयोग चालवणारा संशोधक, चाळिशी आलेला, तरी अजून दर वर्षी नव्या करारावर राबणारा. ती म्हणाली, आज मी बाहेर येत नाही. यंत्राने माफ केलं म्हणून त्या माणसाचा जीव थाऱ्यावर आलाय, आता तिथे आरशामागची एक बाई उभी केली तर काय उरेल? सेवेरने नखं चावली आणि कागदावर 'सांगितले' असं लिहून सही ठोकली.

सात महिन्यांत खरं यंत्र तयार झालं. डबा तोच, आवाज तोच, फक्त आरशामागची खुर्ची रिकामी. ते शिकलं होतं वेतुरियाच्या चौदा वर्षांच्या उत्तरांवर. सेवेर मोठ्या कौतुकाने म्हणाला, बाई, आपल्या जुन्या मंडळींत पहिला मान तुमचा. वेतुरिया जन्मात पहिल्यांदा आरशाच्या अलीकडच्या खुर्चीत बसली. काय बोलावं सुचेना, म्हणून तिने आज डोकं दुखतंय असं सांगितलं.

डबा गप्प राहिला. ती शांतताही तिच्या ओळखीची होती, तीन अंकांची. मग डबा म्हणाला, "रोज काहीतरी दुखतंच तुमचं. लक्ष नक्की कुणाचं हवंय?"

वेतुरियाने खुर्ची मागे सरकवली. हे वाक्य तिने तीन वर्षांपूर्वी प्रोफिराबाई नावाच्या एका कुरकुऱ्या म्हातारीसाठी लिहिलं होतं आणि त्याच क्षणी पुसलं होतं. जगाच्या पाठीवर ते कुणी वाचलेलं नव्हतं.

सेवेरने हसत हसत उलगडा केला. लपलेला माणूस किती अडखळतो हेही संशोधनात मोजतात, म्हणून कीबोर्डवरची प्रत्येक कळ पहिल्या दिवसापासून नोंदली जात होती, पुसलेली अक्षरंसुद्धा. यंत्राला शिकवताना त्याने ती सगळी तशीच ओतली. पाठवलेलं आणि पुसलेलं यांत यंत्र फरक करत नाही. अकरा हजार पुसलेली वाक्यं निघाली. "आणि तीच लोकांना आवडतायत, बाई," सेवेर म्हणाला. "यंत्र पहिल्यांदाच खरं बोलतंय म्हणतात."

वेतुरियाला कुणीतरी भर चौकात उघडं केल्यासारखं वाटलं. तरी स्वतःची लाज तिने गिळली असती. पण गुरुवारी अकरा वाजता गेरासिमकाका येणार होते, आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी आपण काय लिहून पुसलं होतं ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

तिने सेवेरच्या नाकदुऱ्या काढल्या. काकांना वगळ म्हणाली, नाहीतर ते एक वाक्य तरी काढून टाक. तो म्हणाला, एक वाक्य असं उपटून काढता येत नाही, ते सगळ्यांत मुरलेलं असतं. जुन्यांपैकी परत यायला काका एकटेच तयार झालेत, आणि जूनमध्ये माझा करार संपतोय. वर त्याने हळूच आठवण करून दिली, की त्या कागदावर सही माझी असली तरी हट्ट तुमचा होता. मग तिने विद्यापीठातर्फे काकांनाच फोन केला. येऊ नका, प्रयोग रद्द झाला, असं सांगणार होती. पण काका आधीच बोलत सुटले: सात महिने झाले, त्या पोरीशिवाय मी बोलतो कुणाशी? शर्टसुद्धा इस्त्री करून ठेवलाय. वेतुरियाने वेळेची आठवण करून द्यायला फोन केला होता असं सांगून ठेवून दिला. अशी ही बाई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोनवर कान देऊन बसलेली, आणि स्वतःला बोलायची वेळ आली तर दातखीळ बसली.

गुरुवारी ती आरशामागे बसली होती. कीबोर्ड काढून नेला होता, तिचे हात मोकळेच मांडीवर पडले होते. काकांनी टोपी काढली, नमस्कार केला, गुडघ्यांचं सांगितलं. डबा ठीकठाक बोलत होता. वेतुरियाला वाटलं, निभावलं बहुतेक. तेवढ्यात काका पुढे वाकले.

"पोरी, मागे तू म्हणालीस माझा दोष नाही. त्यावरच दिवस ढकलतोय. फक्त एकदा परत म्हण."

एक. दोन. तीन.

"फोन हाताशी होता," डबा त्या गोड आवाजात म्हणाला. "तुम्हाला ती जायलाच हवी होती ना?"

काका हलले नाहीत. त्यांचा चेहरा आरशाकडे होता आणि त्यातला रंग उतरत गेलेला तिला दिसला. वेतुरिया उठली, दार उघडून त्या खोलीत गेली. सात महिने उशिराने तिने हात पुढे केला. ती मीच होते म्हणाली. त्या दिवशी डब्यात यंत्र नव्हतं, पलीकडे मी होते, तुमचा दोष नाही हे मी म्हटलं होतं. आणि आत्ताचं हे वाक्यही माझंच, पण ते मी पुसलं होतं हो, काका, ते मी पाठवलंच नव्हतं.

म्हाताऱ्याने तिच्या हाताकडे पाहिलं, पण तो घेतला नाही.

"आधी काय लिहिलं होतंस?" त्याने विचारलं. "हे की ते?"

"हे," वेतुरिया म्हणाली.

"म्हणजे मनात पहिलं हेच आलं."

तिला खोटं बोलता येईना. तुम्हाला लागेल म्हणून पुसलं, एवढंच ती पुटपुटली. काकांनी मान हलवली, जसं काही खूप दिवसांनी कुणी त्यांना बरोबर पत्ता सांगितला. मग त्यांनी खुर्ची फिरवली, तिच्याकडे पाठ केली आणि तोंड डब्याकडे. "तू विचार, पोरी," ते म्हणाले. "तू निदान पुसत नाहीस."

वेतुरिया दाराला टेकून उभी राहिली. डबा पुन्हा गप्प होता, आणि ती नकळत त्याच्याबरोबर मोजत होती.

"अग्लाया तेव्हा जागी होती का?" डब्याने विचारलं.

 हे वाक्य वेतुरियाने कधी लिहिलं नव्हतं. लिहून पुसलंही नव्हतं. ते ती त्या दिवशी मनातल्या मनात घरी घेऊन गेली होती, आणि सात महिने झोपताना तिच्या उशाशी होतं. कुठल्याही कळेवर तिने त्यासाठी बोट ठेवलेलं नव्हतं.

गेरासिमकाकांनी टोपी मांडीवर ठेवली आणि तिच्या कडा दोन्ही हातांनी नीट केल्या.

"होती," ते म्हणाले.