एका सेकंदात उघडलेलं पान

गेमिंगच्या पीसीला वेगवान डिस्क घ्यावी का, असं आजही कोणी विचारलं की मी आधी विषय बदलायला बघतो. प्रश्न साधा आहे. पंचवटीत मी ‘कॉम्प्युटरवाले गुरुजी’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे तो मला वरचेवर विचारलाही जातो. दर वेळी मला आधी ती बाई आठवते आणि मग डिस्क.

आमचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. गंगेवर, म्हणजे रामकुंडावर, अस्थी घेऊन आलेल्या माणसांचे विधी आम्ही करतो. विधी उरकला की यजमान आमच्या घरी येतो आणि वहीत नोंद करतो: गाव कोणतं, कोण गेलं, मागे बायकामुलं कोण, सोबत कोण आलं. लिहिता येत असेल तर त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि खाली सगळ्यांनी सह्या करायच्या, अशी रीत. या वह्यांना आम्ही नामावळी म्हणतो. गावागावांच्या नामावळ्यांनी आमची दोन कपाटं भरली आहेत. माणूस गावाचं नाव सांगतो आणि बाबा त्याला त्याच्या पणजोबांचं अक्षर काढून दाखवतात. एरवी डोळ्यांत पाणी न येणारी माणसं त्या अक्षरावरून बोट फिरवताना रडतात.

मी सकाळी बाबांबरोबर गंगेवर असतो आणि दुपारी गेम खेळतो. चौतीस वर्षांच्या गुरुजीला हे शोभतं का, हा प्रश्न आमच्या घरात विचारून झालेला आहे. माझी बायको शाळेत शिकवते. कॅबिनेटमधले रंगीत दिवे बघून ती फक्त एवढंच विचारते, की यंदा गणपती इथेच बसवायचा का.

तर पीसी जुळवताना मी सगळा जीव ग्राफिक कार्डात ओतला आणि डिस्क मात्र जुन्या मशीनमधली तशीच लावली, ती फिरणारी, कुरकुरणारी. परिणाम असा, की गेम एकदा सुरू झाला की झकास चालायचा, पण सुरूच व्हायचा नाही. नवीन नकाशा उघडायला लावून मी चहा टाकायचो, उकळायचो, गाळायचो, पिऊन कप विसळायचो, तरी पडद्यावरची रेघ अर्ध्यातच.

त्याच डिस्कवर आमच्या नामावळ्याही होत्या. पानं हाताळून हाताळून कडेला झडायला लागली, म्हणून मी दोन वर्षं खपून प्रत्येक पानाचा मोठा फोटो काढला होता, गाव आणि आडनावानुसार यादी केली होती. बाबांनी ते होऊ दिलं, वापरलं मात्र कधीच नाही. फोल्डर उघडेपर्यंत त्यांचं बोट पानावर पोचलेलं असायचं आणि ते माझ्याकडे बघून हसायचे. ते हसणं मला फार झोंबायचं.

शेवटी कॅनडा कॉर्नरजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा शाळेतला मित्र, आणि धंद्याला न परवडणाऱ्या प्रामाणिकपणाचा. त्याने स्वच्छ सांगितलं, की गेम उघडेल लवकर, पण पळेल तेवढाच. चित्र सुधारायचं नाही. वायरने जोडायची साधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, घेतली तरी चहा करायला वेळ उरणार नाही. थेट मदरबोर्डवर बसणारी ती पातळ पट्टी कागदावर कितीतरी पट वेगवान असते, पण खेळताना दोन्हींतला फरक त्याला स्वतःलाही कधी कळला नव्हता.

हे सगळं ऐकून, समजून, मान डोलावून मी ती महाग पट्टीच घेतली. घरी मात्र नामावळीसाठी घेतली असं सांगितलं.

पहिल्या दिवशी मी खरोखर हबकलो. गेमचं बटण दाबलं आणि खुर्ची पुढे ओढेपर्यंत शहर समोर उभं. मी ते बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. मित्राचं म्हणणं अगदी खरं होतं, गाडी रस्त्यावर पूर्वीइतकीच पळत होती, पण मला आता गेममध्ये रसच राहिला नव्हता, मला नुसतं उघडून बघायचं होतं. मग नामावळीचं फोल्डर उघडलं. गाव टाकलं, आडनाव टाकलं, आणि अख्खं पान पडद्यावर हजर, शाईच्या डागासकट. इतक्या वर्षांचं बाबांचं हसणं मला आता परत करायचं होतं.

दोनच दिवसांनी ती बाई आली. कळवणकडच्या एका खेड्यातली, पंचेचाळिशीची. नवरा गेला होता. अस्थी विसर्जन सकाळी झालं होतं आणि विधी धाकट्या दिराने केला होता. दोघं आमच्या बैठकीत येऊन बसले. बोलता बोलता कळलं, की तिला दोन मुली, थोरलीचं लग्न ठरत आलेलं. शेत एकत्र, आणि यापुढे ते सगळं दीरच बघणार होता. ती त्याच्याकडे बघून बोलत होती, ज्याच्यावर आता सगळं अवलंबून आहे त्याच्याकडे बघावं तसं.

बाबांनी गाव विचारलं आणि ते जरा थांबले. तेव्हा ते थांबणं माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनी कपाटातून वही काढली, मांडीवर घेतली, आणि नेहमीप्रमाणे तिच्याशी बोलत राहिले: गावात पाणी कसं आहे, मुली काय शिकतात, सासरे कसे होते. बोटं पानं उलटत होती. माझा हात माऊसवर शिवशिवत होता.

“बाबा, राहू द्या,” मी म्हणालो, “सापडलं.”

आणि मॉनिटर तिच्याकडे वळवला. शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती, तिच्या सासूच्या अस्थी घेऊन तिचा नवरा आला होता तेव्हाची. त्याच्याच हातची. मी शेखी मिरवत, विधीच्या खणखणीत आवाजात वाचायला लागलो. गाव, तालुका, आजोबा, वडील, मयत आई. पुढे पत्नी अमुक. पुढे मुलगा तमुक.

बाई मध्येच म्हणाली, “हे नाव माझं नाय.”

मी वाचायचा थांबलो. मला वाटलं, मी अक्षर चुकीचं लावलं. मी पुन्हा बघितलं. अक्षर टपोरं होतं, चुकण्यासारखं काही नव्हतं. पत्नी म्हणून एक नाव होतं, मुलगा म्हणून एक नाव होतं, आणि समोर बसलेल्या बाईला मुलगा नव्हता.  माऊस हलवून ते पान बंद करायचंही मला सुचलं नाही.

बाबा घाईने म्हणाले, की एका गावात एकाच नावाची दोन माणसं असतात, हे पान दुसऱ्या कुणाचं असेल. बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकलं.

“अक्षर त्यांचंच हाय, गुरुजी,” ती म्हणाली. “किराण्याची यादी करून देत मला.”

 ती त्या अक्षराकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघणं मला सहन होत नव्हतं. सासूच्या वेळी तीही येणार होती, असं तिने सांगितलं. साडी काढून ठेवली होती. बायांनी गंगेवर यायचं नसतं, मी एकटाच जाऊन येतो, असं सांगून नवऱ्याने तिला घरी ठेवलं होतं. हे ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

माझा धक्का इथेच संपला नाही. बाबांना ते पान माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी ते त्यांच्यासमोरच लिहिलं गेलं होतं, आणि लिहून झाल्यावर त्या माणसाने हात जोडून विचारलं होतं, की गुरुजी, हे पान उद्या कुणासमोर निघणार नाही ना. वही मी उघडतो, पान मी काढतो, एवढंच बाबा बोलले होते. हे त्यांनी मला त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं. वही ते कायम स्वतःकडे तोंड करून का धरतात, आधी मनात वाचून मग मोठ्याने का वाचतात, गप्पा मारत पानं का उलटतात, हे इतकी वर्षं शेजारी बसून मला कळलं नव्हतं. मी त्याला म्हातारपणाचा संथपणा समजत होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि बाबांचाही राग आला. त्यांनी त्या माणसाचं झाकलं होतं, आणि झाकलं गेलं होतं तिच्यापासून. त्यांना मी तसं बोललो. ते वही कपाटात ठेवायला उठले.

पण ते संध्याकाळी. तेव्हा बैठकीत पान अजून पडद्यावर तसंच होतं. फोटो एवढा मोठा, की त्याचा वरचा अर्धा भागच मावला होता. खाली काय असतं, ते मला पाठ होतं: सोबत आलेल्या माणसांच्या सह्या. मॉनिटर आपल्याकडे ओढून घ्यावा म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात माझ्या बोटाने माऊसचं चाक जरासं फिरलं आणि पान वर सरकलं. या नव्या डिस्कवर सरकायला वेळ म्हणून लागत नव्हता. मला सही दिसली. आडनाव तेच, आणि पहिलं नाव तेच, जे सकाळी संकल्पात मी दिराकडून त्याचं स्वतःचं नाव म्हणून वदवून घेतलं होतं. मी झटकन चाक उलटं फिरवलं आणि पान खाली आणलं.

दीर सतरंजीकडे बघत होता. तो आल्यापासून एक शब्दही बोललेला नव्हता, आणि ते दुःख असावं असं मी धरून चाललो होतो.

“ह्याच्या खाली काय असतं?” बाईने विचारलं. “सोबत कोन व्हतं, ते लिवत असतील ना?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला एवढंच सुचत होतं, की ही बाई आता याच माणसाबरोबर घरी जाणार आहे, तिच्या मुलीचं लग्न हाच उभा करणार आहे, आणि नवरा गेला तसा हाही गेला तर तिच्यापाशी कोणी उरत नाही. 

“ताई, पुढचं पान उघडायला वेळ लागेल,” मी म्हणालो. “मशीन फार हळू आहे.”

तिने पडद्यावरची नजर काढली. मग हळूच दिराकडे वळली. त्याने मान वर केली नाही. एका जागी बसलेल्या माणसाने मान वर न करणं एवढं मोठं असतं, हे मी तेव्हा बघितलं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “कळलं.”

मग तिने बाबांना नवी नोंद करायला सांगितली.   बाबांनी वही तिच्यापुढे सरळ ठेवली आणि तिने स्वतःच लिहिलं, सावकाश, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर सुटं: मयत पती, पत्नी म्हणून आपलं नाव, खाली दोन मुलींची नावं. सोबत कोण, तिथे ती थांबली, आणि ती जागा तिने तशीच सोडली. दिराने पेनासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

बाहेर त्याची जीप उभी होती. तो पुढे होऊन दार उघडून उभा राहिला. तिने चपला घातल्या, पदर सारखा केला आणि उंबऱ्यावरून वळून बाबांना विचारलं, “गुरुजी, कळवणची एसटी कुठून लागती?”