भरतीचा अभ्यास, सुकतीचा खेळ

माझ्या देवबागच्या साडूंइतका समुद्राच्या आज्ञेत राहिलेला मनुष्य उभ्या मालवण तालुक्यात झाला नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. तालुका कचेरीसमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. विक्षिप्तांची मला वाण नाही. परंतु केस कापणे, घर शाकारणे, पाहुण्यास जेवू घालणे, सर्व काही भरती-ओहोटी पाहून करणारा इसम हा एकच. मी भुकेने व्याकूळ असता ते शांतपणे म्हणत, “साडूभाऊ, वाइच थांबा. सुकती लागांदे, मगे वाढतंय.”

माझी मेव्हणी वारल्यावर एकुलती लेक त्यांनी याच कायद्याने वाढवली. खाडीला भरती असेपर्यंत अभ्यास; सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की पुस्तक बंद आणि बापलेक दोन टोपल्या घेऊन तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचायला चिखलात. मास्तरांनी हरकत घेतली, तेव्हा साडू उत्तरले, “मास्तरांनू, दर्यो कधी नापास झालो काय?” लेकही झाली नाही. उलट इतके गुण मिळाले, की तेथूनच विपत्तीस आरंभ झाला.

अभियांत्रिकीसाठी एक महाविद्यालय जवळचे होते, घरून जाऊन-येऊन करण्याजोगे, परंतु बेताचे. दुसरे घाटावरचे, नामांकित. साडू ते समक्ष पाहून आले. तेथील वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांना त्यांनी आपल्या शुद्ध मराठीत विचारले, “इथे पाणी कधी चढतं?”

“सकाळी सहाला. टाकीत.”

साडू परतले ते माझ्याकडेच. “साडूभाऊ, अर्ज लिवा. सुकतीच्या येळाक माझ्या चेडवाक मोकळा सोडूक होया.” मी ‘सुकतीकालीन सवलत मिळणेबाबत’ असा विषय घालून मसुदा केला. इतका निर्दोष मसुदा माझ्या लेखणीतून क्वचितच उतरला असेल. लेकीने तो वाचला, पोट धरून हसली आणि मग बापाकडे वळली.

“बाबा, मी हंयच शिकतंय. तुमका एकट्याक कसा सोडू?”

पसंतीक्रम भरण्याचा तो अखेरचा दिवस. साडूंच्या घराच्या खिडकीबाहेर खाडी पुरती सुकलेली. सुकतीत अभ्यासाचे नाव काढायचे नाही, हा साडूंचाच कायदा. तिने टोपलीकडे हात नेला. साडूंनी टोपली काढून घेतली.

“घाटावरचा पयला घाल,” ते म्हणाले.

“बाबा, सुकती आसा.”

“आसांदे. घाल म्हणतंय ना!”

समुद्राची आज्ञा त्यांनी मोडलेली मी तेवढीच पाहिली.

आता सुकती लागली, की ते तिला फोन करतात. परवा मी शेजारी उभा होतो. “चेडवा, पाणी उतारला गो. पुस्तक मिट. वाइच भायर जा, खेळ.”

“मिटलंय, बाबा. भायरच आसंय.”

तिच्यामागे मैत्रिणींचे एकसुरी पाठांतर मला स्पष्ट ऐकू येत होते. साडूंनाही येत असावे.

“बरा हां,” म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला, लेंगा वर खोचला आणि टोपली घेऊन ते चिखलात उतरले. दुसरी टोपलीही त्यांनी सवयीने आणली होती. ती माझ्या पायांशी उपडी पडून राहिली.